गोळीपर्यंत नेणारा माणूस

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारनं एचआयव्हीवरची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ सरकारी रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी तीनच वर्षं, २००१ मध्ये, मुंबईच्याच सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली होती. पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. किमतीची ती भिंत मुंबईतून फोडली गेली आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंत लाखो माणसं जगली. आज आपल्याकडे बहुतेक रुग्णांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत दिसेनासा होतो. अशा माणसाकडून लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही.

औषध आहे, फुकट आहे आणि गुणकारी आहे. तरीही माणसं मागे राहतात. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात आणि सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. यांतल्या शंभरांपैकी सुमारे ८१ जणांनाच आपल्याला लागण झाल्याचं माहीत आहे. माहीत असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८८ उपचारांवर आहेत. उपचारांवर असलेल्या शंभरांपैकी मात्र तब्बल ९७ जणांचा विषाणू दबलेला आहे. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवले की गळती कुठे आहे ते दिसतं. औषध हातात पडल्यावर फारसं कुणी सुटत नाही. माणसं निसटतात ती तपासणीच्या आधी, आणि तपासणीनंतर उपचार केंद्राकडे जाण्याच्या वाटेवर.

ती वाट कशी असते आणि त्या वाटेवर सोबत करणाऱ्यांना मिळणारी छोटी अनुदानं काय करतात, हे समजून घ्यायला एक गाव डोळ्यांपुढे ठेवू.

थळ ते सिव्हिल

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर थळ आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग, किनाऱ्यावर कोळीवाडा, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गावाला लागून १९८५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘सिव्हिल’, अलिबागेत आहे. मिनिडोर रिक्षानं फार वेळ लागत नाही. नकाशावर पाहिलं तर थळकराला एचआयव्हीच्या तपासणीची किंवा उपचारांची अडचण पडायचं कारण नाही.

पण ही वाट किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. त्या मिनिडोरमध्ये समोर शेजारीण बसलेली असते. सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेत गाववाला भेटतो. ‘कशाला आलास?’ हा साधा प्रश्न एखाद्याला परत फिरवायला पुरेसा ठरतो. दुर्धर आजाराच्या रुग्णांना एस.टी.च्या प्रवासात सवलत आहे, त्यांत एचआयव्हीबाधितही येतात. मात्र सवलत घ्यायची तर कंडक्टरला कागद दाखवावा लागतो, आणि कंडक्टर ओळखीचा असतो. म्हणून महाराष्ट्रभर असं घडतं की लोक जवळचं केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यात नाव नोंदवतात. या किनाऱ्यावरच्या माणसाला लाँच पकडून मुंबई गाठणं सोपं वाटू शकतं, कारण तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. मग एक दिवस मजुरी बुडते, पुढच्या महिन्यात पैसे नसतात आणि गोळ्यांत खंड पडतो.

ही अडचण गावात घर असलेल्याची झाली. ज्यांचं गावात घरच नाही त्यांची वाट याहून अवघड. रायगडच्या बंदरांवर मासेमारी नौकांवर नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंडातून आलेले खलाशी असतात. हंगामभर ते समुद्रावर आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आपल्या गावी असतात. मालवाहू ट्रकचे चालक आज इथं, उद्या गुजरातेत. जिल्ह्यातला कातकरी समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. त्यातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया गावात असूनही नसल्यासारख्या राहतात. यांतल्या प्रत्येकाला लागण झालेली असते असं मुळीच नाही, आणि कुठल्याही समाजावर तसा शिक्का मारणं हा अन्यायच. मुद्दा वेगळा आहे. सकाळी नऊ ते दुपारी एक उघडं असणारं, ओळखपत्र मागणारं, दर महिन्याला ‘या’ म्हणणारं केंद्र यांच्या आयुष्याला धरून आखलेलंच नसतं.

आकडेही हेच सांगतात. देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२० टक्के आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत ते १.८५ टक्के, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ३.२६ टक्के, तृतीयपंथीयांत ३.७८ टक्के आणि इंजेक्शननं अमली पदार्थ घेणाऱ्यांत ९.०३ टक्के आढळलं. ज्यांच्यापर्यंत व्यवस्था सर्वांत कमी पोहोचते, त्यांच्यावरच भार सर्वांत जास्त आहे.

अनुदानातून नेमकं काय विकत घेतलं जातं

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात तिचं काम पाहणाऱ्या राज्य सोसायटीचं कार्यालय मुंबईत वडाळ्याला, आक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. ज्या आवारात एकेकाळी समाजानं दूर लोटलेले कुष्ठरोगी आणून ठेवले जात, तिथूनच आज दुसऱ्या एका बहिष्कृत आजाराचा निधी वाटला जातो. हा निधी ‘लक्ष्यगट हस्तक्षेप’ या नावाखाली स्वयंसेवी संस्थांना आणि वस्तीतल्या लोकांनी स्वतः स्थापन केलेल्या संस्थांना अनुदान म्हणून मिळतो.

या अनुदानातून ना इमारती उभ्या राहतात ना यंत्रं येतात. त्यातून माणसं नेमली जातात. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यानं हिशोब घालून दिला: साधारण ६० देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमागे एक ‘पीअर’, म्हणजे त्यांच्यातलीच एक कार्यकर्ती. तिच्याकडे त्या साठ जणींची जबाबदारी. निरोध पोहोचवायचे, लैंगिक आजारांची नियमित तपासणी घडवायची, वर्षातून दोनदा एचआयव्हीच्या चाचणीला न्यायचं. कुणी पॉझिटिव्ह निघाली तर तिच्यासोबत एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात जायचं, गोळ्या चुकल्या तर घरी जाऊन विचारायचं. पीअरवर क्षेत्र कार्यकर्ता, त्याच्यावर समुपदेशक आणि व्यवस्थापक. वस्तीजवळ एक खोली, जिथं दुपारी येऊन बसता येतं, अंघोळ करता येते, डॉक्टर भेटतो.

डॉक्टरांना वर्षानुवर्षं जे जमत नाही ते पीअरला जमतं, कारण ती बाहेरची नसते. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेल्या हमसफर ट्रस्टनं समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांत हेच केलं. त्या वेळी भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागू होतं आणि असे संबंध गुन्हा ठरत होते. ज्याला पोलिसांची भीती आहे, तो सरकारी केंद्रात जाऊन आपलं खासगी आयुष्य कसं उलगडेल? सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. मधल्या चोवीस वर्षांत त्या माणसांना दवाखान्यापर्यंत नेणारा दुवा कुणी असेल, तर त्यांच्यातलेच कार्यकर्ते होते.

पैसा लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर गेला की काय होतं, याचा एक पुरावा ‘अवाहन’ उपक्रमातून मिळतो. गेट्स फाउंडेशननं २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तो सुरू केला. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं अंदाज बांधला की २००३ ते २००८ या काळात या कामामुळे सुमारे एक लाख संसर्ग टळले. एक लाख घरं एका मोठ्या संकटातून वाचली, असं हे वाक्य वाचायला हवं.

सांगलीचा धडा

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत जास्त शिकवणारं ठिकाण सांगली आहे. १९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू केलं. गोकुळनगर वस्तीतल्या स्त्रियांसोबत निरोध वाटण्यापासून सुरुवात झाली. लवकरच लक्षात आलं की निरोधाचा खोका बाहेरून आणून काही होत नाही. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद लागते, पोलिसांसमोर उभं राहण्याची ताकद लागते, आणि ती एकटीला येत नाही. १९९६ मध्ये त्या स्त्रियांनी स्वतःची संघटना बांधली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’. संघटनेचं काम सांगलीपुरतं राहिलं नाही. ते पश्चिम महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे निपाणीपर्यंत पोहोचलं. निपाणीत त्यांनी आपल्या मुलांसाठी ‘मित्रा’ हे वसतिगृह उभं केलं.

इथं अनुदान कसं वापरलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. निरोध कुठे, कधी आणि कुणी वाटायचे हे त्या बायका ठरवत. रुग्णालयात कुणाला हाडतूड झाली तर चार-पाच जणी मिळून जाब विचारायला जात. वस्तीतली भांडणं वस्तीतच बसून सोडवत. आजारी बाईच्या उशाशी कोण थांबणार, तिच्या मुलांना शाळेत कोण सोडणार, याची वाटणी होई. वरकरणी यातल्या बऱ्याच गोष्टी एचआयव्हीच्या कार्यक्रमात बसत नाहीत. पण मुलाच्या शाळेची चिंता मिटल्याशिवाय कुठलीही आई स्वतःच्या गोळ्यांकडे लक्ष देत नाही, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग पैशासोबत अट आली. अमेरिकेनं २००३ मध्ये एड्ससाठी मोठा जागतिक निधी उभारताना कायद्यातच लिहिलं की हा पैसा घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध करण्याची जाहीर भूमिका घ्यावी. ज्या बायकांसोबत काम करायचं, त्यांच्याच विरोधात सही करून त्यांच्यासाठी पैसे घ्यायचे, असा तो पेच होता. २००५ मध्ये ‘संग्राम’नं सही नाकारली आणि अमेरिकी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनं याच अटीपायी सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये मात्र परदेशी संस्थांना ती लागू राहील असा निर्णय दिला.

सांगलीच्या बायकांनी पैसा सोडला, पण आपसांतला विश्वास राखला. पैसा नंतर दुसरीकडून मिळवता येतो. विश्वास एकदा गेला की त्या वस्तीत पुन्हा कुणालाही पाय ठेवता येत नाही. अनुदान देणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग अभ्यासावा.

पैशाचा निर्णय कोण घेतं

ज्या देशानं ही अट घातली, त्याच देशात घरच्या रुग्णांसाठी अधिक शहाणी पद्धत आहे. इंडियाना राज्यातल्या रायन व्हाइट या हिमोफिलिया असलेल्या मुलाला रक्तघटकांतून एचआयव्ही झाला आणि त्याला शाळेतून बाहेर ठेवलं गेलं. एप्रिल १९९० मध्ये तो वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. त्यानुसार शहरांना उपचारासाठी निधी मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्या नियोजन मंडळात किमान एक तृतीयांश जागा सेवा घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांना द्याव्या लागतात. पुढे लक्षात आलं की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत लागण वाढतेय आणि पैसा मात्र तिथं पोहोचत नाही. तेव्हा १९९८-९९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा अल्पसंख्याक एड्स उपक्रम सुरू झाला. सर्वांसाठी खुली असलेली योजना सर्वांपर्यंत आपोआप जात नाही, हे त्या देशानं कायद्यात मान्य केलं.

किनाऱ्यावरच्या वाचकाला केनियाचं उदाहरण अधिक जवळचं वाटेल. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मासे विकणाऱ्या बायकांच्या मालकीची नाव नसे. मासळी मिळावी म्हणून मच्छीमाराशी शरीरसंबंध ठेवण्याची सक्तीवजा रीत तिथं होती आणि त्या काठांवर एचआयव्हीचं प्रमाण फार मोठं होतं. २०११ च्या सुमारास न्दुरू गावच्या बायकांनी छोट्या अनुदानांतून स्वतःच्या नावा घेतल्या आणि पुरुषांना त्यांवर कामाला ठेवलं. गोळ्या किंवा निरोध यांच्याही आधी नावेची मालकी हे त्यांचं औषध ठरलं. आपल्या कोळीवाड्यात मासळी किनाऱ्याला लागली की ती कोळणीच्या ताब्यात येते, विक्री आणि पैसा तिच्या हाती असतो. ही किती मोठी सुरक्षा आहे, हे न्दुरूकडे पाहिल्यावर कळतं. ती जपायला हवी. मात्र न्दुरूच्या त्या नावा कालांतरानं झिजल्या, २०२० च्या पुरानं गाव उद्ध्वस्त केलं आणि बायका पुन्हा अडचणीत आल्या. एकदाच दिलेलं अनुदान दुरुस्तीला पुरत नाही.

पैसा थांबला की

पैसा थांबला की काय होतं, याचा अनुभव आपल्या दारात येऊन गेला आहे. २०२१ मध्ये हैदराबादेत ‘मित्र क्लिनिक’ सुरू झालं. तृतीयपंथीयांसाठी, बहुतांशी तृतीयपंथी कर्मचाऱ्यांनी चालवलेला हा देशातला पहिला दवाखाना. तिथं एचआयव्हीची तपासणी आणि उपचार होत, हार्मोनबद्दल सल्ला मिळे, मानसिक आधार आणि कायदेशीर मदतही मिळे. पुढे कल्याण आणि पुण्यात तसेच दवाखाने निघाले. अलिबागहून पाहिलं तर कल्याण काही फार लांब नाही. तिन्हींचा पैसा अमेरिकेच्या मदतीतून येत होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही दवाखाने बंद पडले. हजारो लोकांना सेवा देणारी जागा दूरच्या राजधानीतल्या एका आदेशानं बंद झाली. हैदराबादचा दवाखाना टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं ‘सबरंग’ नावानं पुन्हा उभा राहिला. त्याला वाचवलं ते देशातल्या पैशानं.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६, सुमारे १५,४७२ कोटी रुपये मंजूर झाले आणि तो सारा खर्च केंद्र सरकारचा. म्हणून २०२५ मध्ये गोळ्या थांबल्या नाहीत. २०१० पासून २०२३ पर्यंत देशातले नवे संसर्ग सुमारे ४४ टक्क्यांनी आणि एड्समुळे होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. हे यश मोठं आहे आणि त्यात सार्वजनिक पैशाचा वाटा मोठा आहे. औषधाला मिळालेलं हे स्थैर्य सोबत जाणाऱ्या माणसाला मात्र अजून पुरतं मिळालेलं नाही. तो करारावर असतो. नूतनीकरण लांबलं की त्याचं मानधन लांबतं, आणि त्याच्याकडच्या साठ जणांची वाट अडते.

थळसारख्या गावाच्या हातात काय आहे

पुष्कळ आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद केली. रक्कम लहान आहे, पण गरजू रुग्णाच्या तपासणीच्या प्रवासाला ती पुरते, आणि नाव न लिहिता ‘रुग्ण प्रवास’ एवढीच नोंद करावी. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आरोग्याची तरतूद करता येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि प्रतिबंधक आरोग्यसेवा त्यांत बसते. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांनी रस्ते आणि सभामंडपांसोबत ही मागणीही करावी. मच्छीमार संस्थांनी हंगाम सुरू होताना खलाशांसाठी आरोग्य तपासणी ठेवावी. तिथं साखर, रक्तदाब आणि क्षयासोबत एचआयव्हीची ऐच्छिक चाचणीही असावी, म्हणजे रांगेत उभा असलेला कशासाठी उभा आहे हे कुणाला कळणार नाही.

असं कुठलंही अनुदान देताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांना खर्चाच्या निर्णयात जागा द्यावी. दुसरी, कालावधी निदान तीन वर्षांचा असावा, कारण विश्वास बसायलाच एक वर्ष जातं. तिसरी, हिशोब पैशाचा मागावा, रुग्णांच्या नावांचा मागू नये. ही तिसरी गोष्ट केवळ सौजन्याची नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करणंही कायद्याविरुद्ध आहे.

वाचकहो, तुम्ही सरपंच असाल, संस्थेचे चेअरमन असाल, कंपनीच्या सामाजिक निधीच्या समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत गोळीपर्यंत नेणाऱ्या माणसाच्या मानधनाचा विषय मांडा. यांपैकी काहीच नसाल, तर सिव्हिलच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसल्यास ‘कशाला आलास?’ हे विचारू नका. आणि तुम्हाला स्वतःला शंका असेल तर १०९७ या मोफत राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.